स्वतःची नजर गेली, पण लेकरांना सूर वाचायला शिकवलं : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांची जीवनकहाणी

२१ ऑगस्ट, पुण्यतिथी विशेष

शेंदूरजनाघाट (ता. वरुड) : आपल्या भागात गाणं काही नवं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या संत्र्याच्या मुलखात गावोगावी भजनी मंडळं आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज याच अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. त्यांच्या खंजिरीचा ठेका इथल्या चार पिढ्यांच्या कानात बसलेला आहे. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना सुरू झाली की मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली लेकरंही बरोबर टाळी धरतात. त्यांना कोणी वेगळं शिकवत नाही. ऐकून ऐकूनच येतं.

मात्र ऐकून आलेलं गाणं वहीवर उतरवायचं म्हटलं की भल्याभल्यांची अडचण होते. दहा-दहा वर्षं पेटी वाजवणारे, पण स्वर लिहिलेला कागद पुढे ठेवला तर गडबडणारे कितीतरी लोक आहेत. आणि दुसरीकडे आठ-नऊ वर्षांचं एखादं पोरगं संगीताच्या प्रारंभिक परीक्षेला बसतं. सा-रे-ग-म वाचतं, हातावर टाळी आणि खाली दाखवतं, कोमल गंधार कोणता आणि शुद्ध कोणता हे चिन्ह बघून सांगतं. खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या, मजुराच्या पोराला हे करता येतं, यामागे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे कष्ट आहेत. त्यांचं नाव पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. २१ ऑगस्टला त्यांची पुण्यतिथी असते, त्यानिमित्त ही त्यांची कहाणी.

कीर्तनकाराचं पोर

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, कुरुंदवाडला झाला. कुरुंदवाड तेव्हा लहानसं संस्थान होतं, आज ते कोल्हापूर जिल्ह्यात आहे. घराणं मूळचं गाडगीळ. पलूस गावावरून पलुस्कर हे आडनाव पडलं. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. त्यामुळे अभंग, आर्या, साकी, दिंडी हे सगळं विष्णूच्या कानावर पाळण्यापासूनच पडत होतं. आपल्याकडच्या भजनी घरातल्या लेकरासारखंच त्याचंही बालपण होतं.

कुरुंदवाडजवळच नरसोबाची वाडी आहे. तिथल्या दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चालू असताना एक फटाका विष्णूच्या तोंडाजवळ फुटला. चेहरा भाजला आणि डोळ्यांना जबर इजा झाली. वेळेवर नीट इलाज झाला नाही. नजर जवळजवळ गेलीच. पुढे थोडंफार दिसायचं, पण शाळेतलं पुस्तकी शिक्षण तिथेच थांबलं.

त्या काळी डोळ्यांनी अधू झालेल्या पोराचं काय होत असे, हे वेगळं सांगायला नको. आपल्या जिल्ह्याला प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचं उदाहरण माहीत आहे. माधानच्या या महाराजांनी दृष्टी नसताना केवढं ग्रंथलेखन केलं. पण असं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हतं. बहुतेक पोरं घराच्या कोपऱ्यात बसून राहत.

विष्णूला उपचारासाठी मिरजेला नेण्यात आलं. तिथल्या डॉ. भडभडे यांनी डोळे तपासले. मुलाचा गळा चांगला आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्याला गाणं शिकवावं असा सल्ला त्यांनी दिला. मिरज संस्थानच्या अधिपतींनी आश्रय दिला. १८८७ च्या सुमारास विष्णू पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकू लागला. ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे हेच ते बाळकृष्णबुवा.

गुरूच्या घरची शिस्त

तेव्हा शिकण्याची रीत एकच होती. गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, गुरूला वाटेल तेव्हा गुरू शिकवतील, शिष्याने ते ऐकून पाठ करायचं. लिहिणं नाही, पुस्तक नाही, ठरलेला अभ्यासक्रम तर नाहीच. एखादी चीज पूर्ण मिळायला महिनोन् महिने जात. काही उस्ताद चांगली चीज जाणूनबुजून लपवून ठेवत, कारण तीच त्यांची इस्टेट. दुसऱ्याने ऐकून उचलली तर आपलं काय राहणार, ही भीती असायची.

या रीतीतून मोठमोठे गवई झाले यात शंका नाही. विष्णुबुवाही त्याच रीतीने नऊ वर्षं शिकले. बाळकृष्णबुवांची तालीम कडक होती आणि त्यांनी शिष्याला भरभरून दिलं. पण रीतीतली खोट विष्णुबुवांच्या नजरेतून सुटली नाही. ज्याला गुरूच्या घरी आठ-दहा वर्षं राहणं जमत नाही, त्याने काय करायचं? शाळेत जाणारं मूल, घरात असलेली मुलगी, दुकानात बसणारा माणूस, यांना गाणं मिळणारच नव्हतं.

दुसरी गोष्ट मानाची. गवयाला समाजात किंमत नव्हती. राजेरजवाडे गाणं ऐकत, बक्षीस देत, पण चार प्रतिष्ठितांच्या पंगतीत गवयाला बसवत नसत. मिरजेतल्या एका समारंभाचं आमंत्रण विष्णुबुवांना आलं आणि त्यांच्या गुरूंना मात्र नाही, कारण ते गवई. ही गोष्ट त्यांना फार लागली, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

लाहोरची शाळा

पुढची काही वर्षं भ्रमंतीत गेली. बडोदा, ग्वाल्हेर, सौराष्ट्र, मथुरा, दिल्ली असं करत ते पंजाबात पोचले. वाटेत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून गाण्याचा जाहीर कार्यक्रम केला. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा गाणं दरबारात नाहीतर देवळात व्हायचं. पैसे देऊन कोणीही आत यावं आणि ऐकावं, ही कल्पनाच नवी होती. राजाच्या मर्जीऐवजी लोकांच्या पैशावर गाणं जगू शकतं, हे त्यातून त्यांना कळलं.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. संगीत शिकवणारी शाळा ही पहिलीच, असं म्हणता येणार नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्येच गायनशाळा काढली होती आणि त्यांची स्वरलेखनाची पद्धतही होती. पण लाहोरच्या शाळेमागे राजा नव्हता. लोकांची वर्गणी, विद्यार्थ्यांची फी आणि विष्णुबुवांच्या कार्यक्रमांचं उत्पन्न यावर ती चालली. महाराष्ट्रातला एक अधू नजरेचा गवई, हजार मैलांवर परक्या मुलखात, परक्या भाषेत लेकरांना सा लावायला शिकवत होता.

या शाळेत वेळापत्रक होतं, वर्ग होते, इयत्ता होत्या, परीक्षा होत्या. शिकणाऱ्यांचे दोन प्रकार होते. पहिला, रोज येऊन तासभर शिकून जाणारे सामान्य विद्यार्थी. दुसरा, उपदेशक वर्ग. ही मुलं शाळेतच राहत, जेवण-राहणं शाळेकडून, आणि त्या बदल्यात बरीच वर्षं शिकून पुढे शिक्षक व्हायचं, असा करार असे. म्हणजे जुनी गुरुकुलाची रीत त्यांनी मोडीत काढली नाही. शिक्षक घडवायला ती ठेवली आणि सामान्य लेकरांसाठी शाळा उघडली. मुलींना आणि बायकांना शिकवण्याची सोयही केली. त्या काळात घरंदाज बाईने गाणं शिकणं म्हणजे बदनामी समजली जायची, हे लक्षात घेतलं तर या कामाचं धाडस कळतं.

लेकरांसाठी पुस्तकं आणि खुणा

शाळा म्हटली की पुस्तक आलं. संगीताचं पुस्तक मात्र बाजारात मिळत नव्हतं. मग विष्णुबुवांनी स्वतःच पुस्तकं काढायला सुरुवात केली. त्यासाठी छापखाना उभा केला. ‘संगीत बालप्रकाश’, ‘संगीत बालबोध’ ही लेकरांसाठी, ‘महिला संगीत’ बायकांसाठी, ‘राग प्रवेश’ पुढच्या विद्यार्थ्यांसाठी, अशी लहान-लहान पुस्तकं निघाली. ज्याचं स्वतःचं शिक्षण नजर गेल्यामुळे थांबलं, त्याने दुसऱ्यांच्या लेकरांसाठी वाचायची पुस्तकं काढली.

या पुस्तकांसाठी त्यांनी स्वर आणि ताल लिहिण्याची स्वतःची पद्धत तयार केली. ती समजायला अवघड नाही.

स्वर सातच. सा, रे, ग, म, प, ध, नि. यातले रे, ग, ध, नि कोमल होतात, म तीव्र होतो. पलुस्कर पद्धतीत कोमल स्वराचा पाय मोडतात, आपण शाळेत व्यंजनाचा पाय मोडतो तसा. खालच्या, म्हणजे मंद्र सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर टिंब देतात. वरच्या, म्हणजे तार सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर उभी रेघ.

आता तालाचं. स्वर किती वेळ धरायचा हे पोराला कसं कळणार? त्यासाठी स्वराच्या खाली खूण. एक मात्रा असेल तर खाली आडवी रेघ. अर्धी मात्रा असेल तर शून्य. पाव मात्रा असेल तर चंद्रकोरीसारखी खूण. रुपया, आठ आणे, चार आणे असा हिशेब ज्याला येतो त्याला हे यायला वेळ लागत नाही. समेची जागा १ या आकड्याने, खालीची जागा अधिकच्या चिन्हाने, आणि बाकी टाळ्या ज्या मात्रेवर येतात त्या मात्रेच्या आकड्याने दाखवतात. त्रितालाचं उदाहरण घ्या. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्या मात्रेवर खाली. एवढं कागदावर दिसलं की लहान मूलही बोटं मोजत सोळाव्या मात्रेवरून बरोबर समेवर येतं.

याच काळात दुसरे एक विष्णु याच कामाला लागले होते. पं. विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६०, मुंबईचे, पेशाने वकील. त्यांनी गावोगाव हिंडून जुन्या चिजा जमवल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ काढली. त्यांच्या खुणा कमी आणि सुटसुटीत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली, खालीला शून्य. छापायला आणि हाताने लिहायला ही पद्धत सोपी, म्हणून पुढे तीच जास्त चालली.

इथे पालकांनी आणि शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भातखंडे पद्धतीत मंद्र स्वराचं टिंब खाली असतं आणि तार स्वराचं वर. पलुस्कर पद्धतीत वरचं टिंब म्हणजे मंद्र. एकच खूण, अर्थ अगदी उलटा. घरात एक पुस्तक या पद्धतीचं आणि दुसरं त्या पद्धतीचं असेल तर पोरगं वरचा सा खाली आणि खालचा वर गाणार. त्यात त्याची चूक नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं एकच पद्धत धरावी. पुढे दोन्ही ओळखता आल्या पाहिजेत.

विरोध झाला, तोही खोटा नव्हता

गाणं कागदावर उतरवण्याला पुष्कळ गवयांनी नाकं मुरडली. काहींना आपली विद्या बाहेर जाईल ही भीती होती. पण काहींचा आक्षेप खरा होता. मींड, आंदोलन, स्वराला जाता-जाता झालेला कणस्वराचा स्पर्श, हे कागदावर पूर्ण उतरत नाही. दोन रागांत कोमल गंधार लिहायचा एकसारखा, पण लावायचा वेगवेगळा. ते गुरूच्या तोंडूनच कळतं.

विष्णुबुवा स्वतः अव्वल दर्जाचे गवई होते, त्यांना हे ठाऊक नव्हतं असं कसं होईल? म्हणूनच शिक्षक घडवायला त्यांनी उपदेशक वर्ग वेगळा ठेवला. पुस्तक होतं ते लेकरांच्या पहिल्या पायऱ्यांसाठी. शाळेतून बाहेर पडलेलं प्रत्येक पोर मोठा गवई होणार नाही हे ते जाणून होते. पण त्याला चांगलं गाणं ओळखता यावं, समेवर मान हलवता यावी, बेसूर आणि सुरेल यातला फरक कळावा, एवढी त्यांची अपेक्षा होती.

शेंदूरजन्याच्या लोकांना हे कलमाच्या भाषेत लवकर कळेल. संत्र्याची रोपवाटिका करणारा माणूस आधी जंभेरीचा खुंट वाढवतो. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाल्याशिवाय त्यावर संत्र्याचा डोळा बांधत नाही. लेकराच्या संगीताचंही तसंच आहे. कान आणि हात हा खुंट. आधी ऐकणं, गाणं, टाळी देणं. ते पक्कं झालं की मग वाचणं-लिहिणं. ज्या पोराने कधी सूर लावलाच नाही त्याच्यापुढे थेट चिन्हांचा तक्ता टांगला तर डोळा वाळून जातो. आणि नुसता खुंटच वाढवत राहिलो तर झाड होईल, पण संत्रं लागणार नाही. आपल्या भजनी मंडळातल्या लेकरांकडे खुंट तयार आहे. वाचायला शिकवणं तेवढं राहिलंय.

मुंबई, कर्ज आणि रामनाम

१९०८ मध्ये विष्णुबुवांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. विद्यार्थी वाढले, जागा पुरेना. मग शाळेसाठी मोठी इमारत बांधली. त्यासाठी कर्ज काढलं. कार्यक्रमाच्या कमाईतून ते फेडायचं असा हिशेब होता. पण हिशेब बसला नाही. कर्ज वाढत गेलं आणि शेवटी इमारत लिलावात गेली. ज्याने लोकांच्या जोरावर शाळा उभी करून दाखवली, त्याच्या डोळ्यांदेखत ती वास्तू हातची गेली. कर्जापायी जमीन जाण्याचं दुःख काय असतं, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

घरातलं दुःख त्याहून मोठं होतं. त्यांची अनेक अपत्यं लहानपणीच गेली. जगला तो १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रय. हजारो लेकरांना सा-रे-ग-म शिकवणाऱ्या माणसाच्या घरचा पाळणा वारंवार रिकामा झाला. उतारवयात ते रामभक्तीकडे वळले, भगवी वस्त्रं घातली, नाशिकला आश्रम केला आणि रामायणावर प्रवचन-कीर्तन करू लागले.

देशाच्या कामातही त्यांचं गाणं होतं. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी गाण्याला आक्षेप घेतला, तरी त्यांनी ते पूर्ण म्हटलं. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात गांधीजींजवळ राहिले, आश्रमाच्या प्रार्थनेचं संगीत त्यांनी सांभाळलं आणि १९३० च्या दांडीयात्रेतही ते चालले. शेकडो माणसांनी एका सुरात, एका ठेक्यात रामधून म्हणायची ही ताकद आपल्याला तुकडोजी महाराजांच्या प्रार्थनेतून चांगली ठाऊक आहे.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. ज्या गावी गाणं शिकले, तिथेच देह ठेवला. वय ५९.

मागे काय राहिलं

इमारत गेली होती, पण माणसं तयार झाली होती. त्याच १९३१ साली शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा परीक्षांची जी शिडी आज देशभरात चालते, ती या मंडळाची. लहान गावातल्या पोराच्या हाती येणारं प्रमाणपत्र याच शिडीची पहिली पायरी.

पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकराव पटवर्धन, पं. नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर ही सगळी त्यांच्या शाळेतून निघालेली माणसं. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. देवधरांच्या मुंबईतल्या शाळेत कुमार गंधर्व शिकले. आणि दत्तात्रय? वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. वडिलांकडून त्याला फारसं शिकायला मिळालंच नाही. पण वडिलांनी शिष्यांना हातचं राखून ठेवलं नव्हतं, म्हणून विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी ते गाणं त्याला परत दिलं. तोच पुढे पं. डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजला. १९५५ मध्ये ऐन चौतिशीत तो गेला, तरी त्याची भजनं आजही घराघरात ऐकली जातात. विद्या वाटून टाकली की ती फिरून आपल्याच घरी येते, याचा इतका धडधडीत दाखला दुसरा नाही.

आपल्या शाळांसाठी

यातून आपण काय घ्यायचं? पलुस्करांच्या पद्धतीने लेकरांना सुरुवात करून द्यायला पेटी-तबलाही लागत नाही. फळा, खडू आणि दोन हात पुरतात. पहिला महिना फक्त टाळी. दादऱ्याच्या सहा मात्रा, केरव्याच्या आठ, मोजत आणि चालत. मग सा. मग सा-रे-ग, रे-ग-म, ग-म-प असे सोपे अलंकार, आधी तोंडाने, नंतर फळ्यावर बोट ठेवून. त्यानंतर एका मात्रेत एक स्वर, मग एका मात्रेत दोन. पोरांना हा खेळ वाटतो आणि खेळता खेळता ती वाचायला लागतात.

प्रत्येक शाळेला संगीताचा शिक्षक मिळेलच असं नाही. पण गावात पेटी वाजवणारे काका असतात, भजनी मंडळातले तबलजी असतात, परीक्षा दिलेली एखादी ताई असते. आठवड्यातला एक तास त्यांना दिला तर सुरुवात होऊ शकते. शिकवणाऱ्याने आपलं सगळं द्यावं, राखून ठेवू नये, एवढीच अट. विष्णुबुवांनी जन्मभर तीच पाळली.

संगीत राजवाड्यातून काढून शाळेच्या बाकावर आणणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांना पुण्यतिथीनिमित्त विनम्र अभिवादन!